गडवीचा चोर आणि सतरा तोफांचा राजा

पाणी प्यायच्या छोट्या धातूच्या भांड्याला पंजाबात गडवी म्हणतात. आपला गडूच तो. अशी एक गडवी चोरल्याचा आरोप ठेवून पतियाळा संस्थानाने १९२६च्या सुमारास सेवासिंग ठीकरीवाला नावाच्या माणसाला तुरुंगात डांबलं, असं तिकडे आजही सांगतात. सेवासिंग बर्नाल्याजवळच्या ठीकरीवाला गावचा, खाऊनपिऊन सुखी घरातला. भांडी चोरायची वेळ त्याच्यावर आलेली नव्हती. गुरुद्वारं महंतांच्या ताब्यातून सोडवण्याच्या अकाली चळवळीत इंग्रजांनी त्याला पकडलं होतं आणि लाहोरच्या किल्ल्यात बाकीच्या अकाली पुढाऱ्यांबरोबर त्याच्यावर खटला भरला होता. १९२५ साली गुरुद्वारा कायदा झाला आणि पुढारी सुटायला लागले. इंग्रजांच्या हातून सुटलेला हा माणूस तेव्हा पतियाळाच्या महाराजांनी आपल्या ताब्यात घेतला. १९२९पर्यंत तो आतच होता.

त्या गडवीपाशी मी अडकलो, त्याला कारण माझे एक काका. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जुन्या संस्थानी गावात त्यांचं आयुष्य गेलं. गणपतीला गेलो की दरवर्षी एकदा तरी विषय निघतोच. "संस्थान होतं तेव्हा रस्ते सकाळी झाडलेले असायचे. नळाला पाणी असायचं. फिर्याद घेऊन माणूस थेट राजेसाहेबांपुढे उभा राहायचा. आता जा बघू नगरपालिकेत!" नगरपालिकेची बाजू घेऊन भांडण्याइतका मी धीट नाही. पण ते 'थेट राजेसाहेबांपुढे' मला खटकतं. फिर्याद राजेसाहेबांविरुद्धच असली तर माणसाने कुणापुढे उभं राहायचं? आपल्याकडच्या संस्थानांबद्दल हा प्रश्न विचारला की लगेच कुणाच्या तरी आजोबांचा अपमान होतो. म्हणून मी तो पंजाबात नेऊन विचारतो. तिथे नाभा आणि पतियाळा ही एकाच कुळातली दोन शीख संस्थानं शेजारीशेजारी होती. इंग्रजांनी एकाचा राजा काढला आणि दुसऱ्याचा सांभाळला. रयतेच्या पदरात काय पडलं, हे ताडून बघायला इतकी चांगली जोडी दुसरी मिळायची नाही.

दोन्ही घराणी फुल नावाच्या पूर्वजाची, म्हणून ती फुलकिया. थोरल्या मुलाच्या वंशातून नाभा आणि जिंद निघाली, धाकट्याच्या वंशातून पतियाळा. पण थोरल्या शाखेचं नाभा साडेनऊशे चौरस मैलांच्या आसपास, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं, आणि धाकट्या शाखेचं पतियाळा पाच हजार चौरस मैलांच्या वर. थोरलेपण एकाकडे आणि दौलत दुसऱ्याकडे, म्हणजे भाऊबंदकीला आणखी काय लागतं?

सतलजच्या अलीकडचा हा मुलूख मराठ्यांना चांगला माहीत होता. अठराव्या शतकाच्या शेवटी आपल्या फौजा खंडणीसाठी इथे येत. पतियाळाच्या बीबी साहिबकौरने १७९४ साली मर्दानपूरला मराठी फौजेशी दोन हात केले होते, आणि त्यात आपल्या लोकांची शोभा झाली नव्हती. १८०५ साली यशवंतराव होळकर इंग्रज सेनापती लेकची फौज पाठलागावर असताना पंजाबात शिरला, तेव्हा पतियाळात राजा आणि राणीचंच भांडण जुंपलं होतं. देवाने ही दोन कबुतरं आपल्याकडे धाडली आहेत, एकाची बाजू तू घे, दुसऱ्याची मी घेतो, असं तो आपला साथीदार अमीरखान याला म्हणाल्याची गोष्ट आहे. होळकराच्या खजिन्यात तेव्हा खडखडाट होता, हे लक्षात घेतलं तर ती पटते. अमृतसरला जाऊन त्याने रणजितसिंगाकडे मदत मागितली, ती मिळाली नाही, आणि डिसेंबर १८०५मध्ये बियासकाठी राजघाटला तह करून तो परत फिरला.

मराठे गेले, तर पलीकडून रणजितसिंग सरकू लागला. मग १८०८च्या वसंतात सतलजकाठच्या संस्थानिकांची शिष्टाई दिल्लीच्या इंग्रज रेसिडेंटाकडे गेली. जाण्याआधी त्यांच्यात खल झाला, त्याचीही एक आख्यायिका आहे. मरायचं दोन्हीकडे आहे, असं कुणीतरी म्हणालं. रणजितसिंग म्हणजे पटकी, घटकेत उचलेल. इंग्रज म्हणजे क्षय, सावकाश नेईल. त्यांनी क्षय पत्करला. २५ एप्रिल १८०९ला अमृतसरचा तह झाला, रणजितसिंगाला सतलज ही हद्द पडली, आणि ३ मेच्या जाहीरनाम्याने अलीकडची सगळी संस्थानं कंपनीच्या संरक्षणाखाली आली.

काका ज्या काळाला बरा म्हणतात त्याची घडण इथे झाली, असं मला वाटतं. संरक्षण मिळालं ते गादीला. त्याआधीचे राजे काही संत नव्हते. पण त्यांना धाक होता. राजा फार माजला तर रयत गावं उठवून शेजारच्या मुलखात जाई. चुलतभाऊ टपलेला असे, सरदार फितूर होत, शेजारी चालून येई. या साऱ्या धाकांत न्याय होता असं नाही, रक्तपातच जास्त होता. पण राजाला खाली बघावं लागे. १८०९नंतर ती गरज उरली नाही. बंड झालं तर इंग्रजी पलटण होती, शेजाऱ्याने कुरापत काढली तर इंग्रज पंच होता. रयतेला घाबरायचं कारण संपलं आणि फक्त एका माणसाला घाबरायचं उरलं, तो पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर देखरेख ठेवणारा इंग्रज अधिकारी. आता एजंटाच्या वहीत रयतेच्या तक्रारींना रकाना होता, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरा एक रकाना होता, निष्ठेचा. तो भरलेला असला की पुढचे रिकामे राहिले तरी चालत.

नाभ्याने हे दोनदा भोगलं. पहिल्यांदा १८४६ला. पहिल्या इंग्रज-शीख युद्धात राजा देविंदरसिंग लाहोर दरबाराकडे झुकला, वेळेवर रसद दिली नाही, असा ठपका ठेवून इंग्रजांनी त्याला गादीवरून काढलं. राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा जप्त करून तो पतियाळा आणि फरीदकोटला वाटून टाकला. सात वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि बाप मथुरेला आणि मग लाहोरला नजरकैदेत राहून तिथेच वारला. भाऊबंदाची जमीन भाऊबंदालाच बक्षीस द्यायची, ही युक्ती साधी वाटते, पण पुढची शंभर वर्षं ती पुरली. १८५७ला तिन्ही फुलकिया संस्थानं इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, आणि झज्जर आणि दादरीच्या नबाबांचा मुलूख तोडून तिघांना वाटला गेला. पतियाळाला नारनौल, जिंदला दादरी, नाभ्याला बावल. नाभ्याचा नकाशा असा ठिगळांचा का दिसतो, तर इंग्रजांनी कधी फाडला, कधी शिवला.

दुसऱ्यांदा भोगलं ते १९२३ला, आणि ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. रिपुदमनसिंग हा तरुणपणी भाई काहनसिंगांच्या हाताखाली शिकलेला. शीख परंपरेचा महाकोश लिहिणारे ते हेच काहनसिंग नाभा. युवराज असताना तो व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसला आणि १९०८ला शीख विवाहपद्धतीला मान्यता देणारं आनंद विवाहाचं विधेयक त्याने मांडलं. १९११ला बाप हिरासिंग वारला, तेव्हा गादीवर बसण्यासाठी इंग्रजांच्या खिलतीची, म्हणजे मानाच्या वस्त्रांची, गरज आपल्याला नाही असं म्हणून तो अडून बसला. १९२१ला ननकाना साहिबला महंताच्या माणसांनी शिखांची कत्तल केली, तर त्याने शोकाची काळी पगडी बांधली. एजंटाच्या वहीतला पहिला रकाना कोरा पडत चालला होता.

शेजारी पतियाळाच्या गादीवर भूपिंदरसिंग. आपल्याकडे हे नाव क्रिकेटमुळे माहीत आहे. १९११ला विलायतेला गेलेल्या हिंदी संघाचा तो कप्तान होता, आणि पुढे रणजी करंडक त्यानेच दिला. महायुद्धात त्याने माणसं आणि पैसा ओतला. १९२६पासून पाच वर्षं तो संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचा चॅन्सलर होता. सतरा तोफांची सलामी, रोल्स-रॉइस गाड्या, कार्तिएकडून घडवून घेतलेला हिऱ्यांचा हार. त्याच्या वहीतला पहिला रकाना ओसंडून वाहत होता.

दोघांचं भांडण विकोपाला गेलं तेव्हा इंग्रजांनी अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्टुअर्ट यांच्याकडे चौकशी सोपवली. निष्कर्ष बव्हंशी नाभ्याच्या विरुद्ध गेला. पतियाळाच्या माणसांवर नाभ्याच्या पोलिसांनी खोट्या केसेस रचल्या, असं त्यात निघालं. इथे मला एक कबूल केलं पाहिजे. रिपुदमनसिंगाला देशभक्त राजा म्हणून मखरात बसवणारे लोक या निष्कर्षावरून घाईने पुढे जातात. स्टुअर्टने सगळंच उगाच लिहिलं असेल असं मला वाटत नाही. शेजाऱ्याच्या रयतेवर बनावट खटले भरणारा राजा स्वतःच्या रयतेशी कसा वागत असेल, हा प्रश्न काळी पगडी बघून विरघळत नाही.

पण जुलै १९२३मध्ये त्याला गादी सोडावी लागली ती केवळ या निष्कर्षामुळे, असं मानायला माणूस फारच भाबडा हवा. सरकार म्हणालं, महाराजांनी स्वेच्छेने कारभार सोडला. ही स्वेच्छा मराठी वाचकाने ओळखायला हरकत नाही. १८३९ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून माफीच्या कागदावर सही मागितली ती अशाच स्वेच्छेची होती. त्यांनी केली नाही आणि काशीला गेले. १८७५चं मल्हारराव गायकवाडांचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. रेसिडेंट फेअरला विष घालण्याच्या आरोपाची चौकशी झाली, तीन इंग्रज सभासद एकीकडे आणि तीन हिंदी सभासद दुसरीकडे असा कौल फुटला. मग सरकारने विषाचं नाव बाजूला ठेवलं आणि गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना काढलं. गैरकारभार हे कारण कपाटात कायम तयार असे. ज्याला काढायचं ठरलं त्याच्यासाठी ते बाहेर यायचं, बाकीच्यांसाठी कपाटाला कुलूप.

नाभ्याचा राजा गेला आणि शीख समाज पेटला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने प्रश्न हाती घेतला. नाभा संस्थानातल्या जैतो गावी गंगसर गुरुद्वारात अखंड पाठ चालू होता, तो १४ सप्टेंबर १९२३ला पोलिसांनी मोडला. अखंड पाठ म्हणजे ग्रंथसाहिबाचं न थांबता केलेलं वाचन. तो मोडणं म्हणजे काय, हे कळायला काकड आरती चालू असताना हवालदार बूट घालून गाभाऱ्यात शिरलाय अशी कल्पना करून बघावी. त्यानंतर जथ्यामागून जथे, म्हणजे सत्याग्रहींच्या तुकड्या, जैतोला निघाले. २१ फेब्रुवारी १९२४ला पाचशेंचा शहीदी जथा तिथे पोचला आणि त्याच्यावर गोळीबार झाला. मेलेल्यांचा सरकारी आकडा विसाच्या आसपास होता, अकाल्यांचा त्याच्या कितीतरी पट. जथे थांबले नाहीत. शेवटी ऑगस्ट १९२५मध्ये जैतोला एकाच्या जागी एकशे एक अखंड पाठ पूर्ण झाले. पाठ परत मिळाला, महाराज परत आले नाहीत. गुरुद्वारांचा प्रश्न आणि नाभ्याचा प्रश्न वेगळे ठेवा, असं गांधीजींनी १९२४मध्येच सुचवलं होतं. अकाल्यांच्या मदतीला काँग्रेसतर्फे अमृतसरला जाऊन राहिलेले तरुण के. एम. पणिक्कर काही वर्षांनी पतियाळा दरबारात परराष्ट्रमंत्री झाले. पोटासाठी माणूस कुठेही जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या काळातली रेघ किती पुसट होती हे यावरून दिसतं.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो जवाहरलाल नेहरूंचा नाभ्यातला मुक्काम. सप्टेंबर १९२३मध्ये ते, गिडवाणी आणि संतानम असे तिघे जैतोचा मोर्चा बघायला गेले. हद्दीतून चालते व्हा, असा हुकूम मिळाला. ते म्हणाले, आत्ता गाडी नाही. मग अटक. नेहरूंचं मनगट आणि संतानमचं मनगट एकाच बेडीत अडकवलं, बेडीच्या साखळीचं टोक शिपायाच्या हातात, आणि जैतोच्या रस्त्यातून वरात. साखळीने कुत्रं चालवत नेतात तसं वाटलं, असं नेहरूंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. नाभ्याच्या तुरुंगातली कोठडी बुटकी आणि ओलसर, रात्री तोंडावरून उंदीर पळत. मॅजिस्ट्रेट असा की आठवडाभर खटला चालला तरी त्याला एक ओळ लिहिताना कुणी पाहिलं नाही. शिक्षा झाली अडीच वर्षांची, मग ती तहकूब करून तिघांना हद्दीबाहेर सोडलं, पण तहकुबीच्या हुकमाची नक्कल काही हाती दिली नाही. पुढच्या फेब्रुवारीत गिडवाणी जैतोला परत गेले, तर त्याच जुन्या शिक्षेखाली त्यांना वर्षभर आत ठेवलं.

आता बघा, हे घडलं तेव्हा नाभ्यात महाराज नव्हते. गैरकारभारामुळे राजाला दूर केलं होतं आणि विल्सन-जॉन्स्टन नावाचा इंग्रज अधिकारी प्रशासक म्हणून कारभार बघत होता. म्हणजे गैरकारभाराची व्याधी बरी व्हायला हवी होती. राजवाड्यात साहेब बसला आणि तुरुंग, कोर्ट, फौजदार, न लिहिणारा मॅजिस्ट्रेट, सगळं होतं तसंच चालू राहिलं. इंग्रजी मुलखात वकील देता येई, अपील करता येई, वर्तमानपत्रात बोंब मारता येई. नाभ्यात साहेबाला यातलं काही सोसावं लागत नव्हतं. संस्थान म्हणजे राजा, असं आपण समजतो. राजा काढून बाजूला ठेवल्यावर उरतं ते खरं संस्थान, आणि ते उरलेलं साहेबाला फार सोयीचं होतं. म्हणूनच अमृतसरचा तह घडवणाऱ्या चार्ल्स मेटकाफपासून व्हाइसरॉय रीडिंगपर्यंत कुणालाही ते मोडावंसं वाटलं नाही.

आणि वर्तमानपत्राची ती एक खिडकी होती, ती तरी पुरती उघडी होती का? संस्थानी रयतेला आपलं गाऱ्हाणं छापायला इंग्रजी हद्दीतली वर्तमानपत्रंच होती. कोल्हापूर-सांगलीकडचं कितीतरी दुखणं पुण्यात छापून यायचं. १९२२ला सरकारने संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवण्याला गुन्हा ठरवणारा कायदा आणला. मध्यवर्ती कायदेमंडळाने विधेयक मांडू द्यायलाच नकार दिला, तर व्हाइसरॉय रीडिंगने खास अधिकार वापरून ते मंजूर करून घेतलं. राजाविरुद्ध राजाच्या हद्दीत बोलायचं नाही आणि हद्दीबाहेरही जपून बोलायचं. काकांच्या 'थेट राजेसाहेबांपुढे'चा अर्थ इथे कळतो. दुसरं दारच ठेवलेलं नव्हतं.

रिपुदमनसिंगाची अखेर आपल्या नांदेडशी जोडलेली आहे. डेहराडूनला राहायला लावलेला हा पदच्युत राजा फेब्रुवारी १९२७मध्ये हजूर साहिबच्या यात्रेला आला, तिथे त्याने पुन्हा अमृत, म्हणजे शीख दीक्षा, घेतलं आणि गुरुचरणसिंग हे नवं नाव धारण केलं. ते नांदेड निजामाचं. एका संस्थानातून काढलेला राजा दुसऱ्या संस्थानात येऊन गुरूच्या चरणी नाव बदलतो. गोदाकाठच्या त्या तख्तापाशी उभं राहिलं की मला या माणसाबद्दल थोडी माया वाटते, हे लपवत नाही. पुढच्या वर्षी त्याला प्रयागला अटक झाली. महाराज ही पदवी काढली, भत्ता कापला, आणि १८१८च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी कोडाईकनालला नेऊन ठेवलं. आपल्या नातू बंधूंना १८९७ला मुंबई इलाख्याच्या ज्या रेग्युलेशनखाली डांबलं, त्याचंच हे भावंड. गादीवर त्याच्या मुलाला बसवलं. १९४२च्या डिसेंबरात तो वारला, घरापासून दोन हजारांवर किलोमीटर दूर.

माया वाटते, पण तो रयतेचा राजा होता असं मी म्हणणार नाही. चांगला राजा म्हणजे इंग्रजांना नडलेला राजा, हे मोजमाप आपण राष्ट्रीय चळवळीकडून घेतलं आणि एजंटाची वही उलटी धरून वाचू लागलो. पहिला रकाना तोच राहिला, निष्ठेचा. फक्त त्यात निष्ठा नसली की आपण गुण देतो. रयतेचा रकाना तेव्हाही नंतरचा होता आणि आताही नंतरचाच आहे.

तो रकाना वाचायचा तर पुन्हा पतियाळात जावं लागतं. १९२७च्या डिसेंबरात मुंबईला अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. १७ जुलै १९२८ला मानसा इथे पंजाब रियासती प्रजा मंडळ निघालं आणि गडवीचोर सेवासिंग तुरुंगात असतानाच त्याचा अध्यक्ष निवडला गेला. मग परिषदेने पतियाळाच्या कारभाराची चौकशी करायला समिती नेमली. तिच्यात ठक्करबाप्पा होते आणि सांगलीचे वकील गणेश रघुनाथ अभ्यंकर होते. सांगलीसारख्या संस्थानात वकिली केलेल्या माणसाला पंजाबातली गाऱ्हाणी नवी वाटली नसतील, फक्त आकार मोठा वाटला असेल. संस्थानाबाहेर साक्षी घेऊन १९३०ला अहवाल निघाला. त्यात खुनाचा आरोप होता, बायका पळवण्याचा होता, बेकायदा अटका आणि जप्त्या होत्या, वेठबिगार होती. आणि एक तक्रार अशी, जी दरबारच्या वैभवाच्या कुठल्याही वर्णनात सापडणार नाही. महाराजांच्या शिकारीसाठी राखलेली जनावरं शेतात शिरून पीक फस्त करत आणि कुणब्याने त्यांना हात लावायचा नाही.

महाराजांनी स्वतःच चौकशी मागितली. नेमला कोण, तर पंजाब संस्थानांचा एजंट फिट्झपॅट्रिक. प्रजेच्या बाजूने बहिष्कार टाकला, चौकशी बंद दाराआड झाली आणि महाराज निर्दोष ठरले. नाभ्याला हायकोर्टाचा न्यायमूर्ती आणि पतियाळाला घरचाच एजंट! मग संवत १९८८ची, म्हणजे १९३१-३२ची, 'हिदायत' नावाची आज्ञा निघाली आणि संस्थानात राजकीय सभा-संघटनांना बंदी आली. सेवासिंग पुन्हा आत गेला. तुरुंगातल्या वागणुकीविरुद्ध त्याने अन्न सोडलं, आणि जानेवारी १९३५मध्ये तो पतियाळाच्या तुरुंगात मेला. रणजी करंडकाचा पहिला हंगाम तेव्हा चालू होता. मार्चमध्ये मुंबईने तो जिंकला. आपल्या क्रिकेटवेड्या घरांत त्या करंडकाची आठवण पिढ्यान् पिढ्या निघते. तो देणाऱ्याच्या तुरुंगात त्याच हिवाळ्यात कोण मेलं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. आमचे शाहू महाराज? १९०२ला निम्म्या जागा मागासांसाठी राखणारे. सयाजीराव? १९०६ला सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारे. आणि औंध? तिथे तर १९३९ला पंतप्रतिनिधींनी राज्यघटना करून सत्ता गावांच्या हाती दिली. हे सगळं खरं आहे आणि इंग्रजी मुलखातल्या कलेक्टरांना यातलं काही सुचलं नव्हतं. पण या तिघांचं मोठेपण मानतानाच एक लक्षात येतं की शाहूंनी दिलेलं रयतेने घेतलं, मागून मिळवलं असं नव्हे. त्यांच्या जागी भूपिंदरसिंग जन्मला असता तर कोल्हापूरच्या कुणब्याच्या हातात काय होतं? शेतकऱ्याचं सगळं राजाच्या पोटी कोण जन्माला येतं यावर ठरायचं आणि तो नीट निघाला नाही तर पर्याय नाही, याला मी व्यवस्था म्हणत नाही. तो मटका आहे. तिघांपैकी औंधचे पंतप्रतिनिधी एकटेच असे की त्यांनी तो खेळच बंद करायची घटना केली, आणि त्यांचं संस्थान सर्वांत लहान.

संस्थानं गेल्यावर तरी सगळं सरळ झालं का? तर नाही. १९४८ला पतियाळा, नाभा, जिंद, कपूरथळा वगैरे मिळून पेप्सू हे राज्य झालं आणि राजप्रमुख झाले पतियाळाचेच महाराज, भूपिंदरसिंगांचे चिरंजीव यादविंद्रसिंग. खेड्यात बिस्वेदार होते तसेच होते. बिस्वेदार म्हणजे आपल्या कोकणातल्या खोताचा भाऊ समजा, कसणाऱ्या मुजाऱ्याकडून धान्याचा वाटा घेणारा. मुजाऱ्यांनी वाटा द्यायचं बंद केलं, तर मार्च १९४९मध्ये किशनगढ गावावर फौज गेली. १९५२च्या निवडणुकीनंतर पेप्सूत देशातलं पहिलं बिगरकाँग्रेसी मंत्रिमंडळ आलं, आणि मुख्यमंत्री कोण झाले, तर राजघराण्याच्या नात्यातले ग्यानसिंग रारेवाला. १९५३ला ते बरखास्त झालं आणि मुजाऱ्यांना जमिनीची मालकी देणारे कायदे त्यानंतरच्या राष्ट्रपती राजवटीत झाले. लोकशाही आली आणि रयत सुखी झाली असं सांगायला हे उदाहरण अगदीच गैरसोयीचं आहे. पण पेप्सूचा मुजारा निदान मत देऊ शकत होता, मोर्चा काढू शकत होता, हायकोर्टात जाऊ शकत होता. हरला तर तिथे हरत होता.

यंदा गणपतीत काकांना मी गडवीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "पंजाबचं काय सांगतोस, आमच्याकडे असलं काही नव्हतं." मग सुपारी कातरता कातरता त्यांना काहीतरी आठवलं. राजेसाहेबांची शिकार निघाली की आजोबा आपली बैलजोडी घेऊन जायचे, पाच-पाच दिवस. पेरणीचे दिवस असले तरी जायचे. दरबारचं बोलावणं, मान असायचा.

"पैसे किती मिळायचे?" मी विचारलं.

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "मागायचे कुणाकडे?"